आलो

बांधापलीकडं पाटलाच्या वरच्या तुकड्यातला ऊस पेटवला,
तोडणीआधी पेटवतात तसा.
वाळलं पाचट तडतडलं.
मी ताटात आमटी वाढत होतो.
पुढचं कळलं ते गाल जमिनीला टेकल्यावर :
ह्यांचा तळवा माझ्या डोक्यावर,
आमटी माझ्या केसांत,
आणि कानापाशी गरम श्वास,
"श्रीपती, डोकं वर काढू नको."

मी श्रीपती नव्हे.
मी मालन, वडणग्याची,
हवालदार चौगल्यांची बायको.
तेवीस वर्षं झाली लग्नाला,
त्यातली सोळा पोस्टानं.

पुण्याची जाऊ हसते माझ्या बोलण्याला.
"गेलो, आलो, जेवलो! तू बाई का बाप्या गं?"
आमच्या कोल्हापुरात असंच.
शाळेतल्या बाईंनी छड्या मारल्या,
'आले' म्हण, 'आले' म्हण,
जिभेवर 'आलो'च आलं.

गावाला काय दिसतं? पेन्शन.
"कार्ड द्या की वहिनी, पोराचं लग्न हाय, चार बाटल्या."
रात्री दोन ते चार ह्यांची ड्यूटी असते,
ती कुणाला दिसत नाही.
कुणी लावलेली नाही.
गोठ्याच्या पायरीवर बसतात,
हातात बॅटरी, विझवलेली.

सासूनं नारळ उतरवला, पंचगंगेत सोडला.
तो घाटाच्या पायरीला अडकून
दिवसभर तिथंच हलत राहिला.

फौजींच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई,
माझ्या लेकीएवढी.
"झोप?" "ठीक, सर."
"स्वप्नं?" "ठीक, सर."
मग तिनं माझ्याकडं बघितलं. "आणि तुम्ही?"
असं मला कुणी विचारलंच नव्हतं.
मी म्हटलो, "ठीक, सर."

अर्धी गोळी सकाळी, एक रात्री.
ड्यूटी आता दोन ते तीन.

श्रीपती कोण, हे विचारायचं नाही
असं कुणी सांगितलं नाही, तरी कळलं.
ट्रंकेत फोटो आहे : बर्फात चौघं,
त्यातल्या एकाची टोपी तिरकी,
आणि छातीशी गुळाची ढेप,
तान्हं पोर धरावं तशी.
गडहिंग्लजकडचा असावा. तिकडचे असंच हसतात.

पौषातली रात्र. पेटलं काही नव्हतं,
नुसता लांब कारखान्याचा भोंगा.
पायरीवरनं हाक आली, हळू,
"श्रीपती, आलास का?"
एरवी मी म्हणायचो, अहो, मी मालन.
तेव्हा हे माझ्याकडं असं बघायचे
की मी परवलीचा शब्द चुकलो.
त्या रात्री हातात तांब्या होता, डोळ्यांत झोप.
जीभ म्हणाली,
"आलो."

खोटं बोललो नाही.
बाप्याचा आवाज काढला नाही.
रोज चुलीपासनं म्हणतो तसंच म्हटलो.

हे म्हणाले, "किती उशीर केलास, लेका."
आणि सरकून जागा केली.
उजाडेपर्यंत बसलो.
ह्यांचा खांदा थरथरत होता,
मी पदर दोघांवर घेतला.
पायरी तशी रुंद आहे.
तिसऱ्यालाही पुरली असती.

डॉक्टरीणबाईला सांगितलो हे.
तिनं पेन खाली ठेवलं.
म्हणाली, "नेहमी असं उत्तर देऊ नका."
मग बराच वेळ काही म्हणाली नाही.
तिचं बरोबर असेल. ती शिकलेली आहे.
पण रात्री दोनला ती तिथं नसते.

काल गंगावेशीत दूध प्यायला गेलतो दोघं.
समोर म्हशी, समोर धार,
ग्लासाबाहेर फेस.
हे भिंतीला पाठ लावून उभे,
येणारी-जाणारी माणसं मोजत.
तरी प्यायले, पूर्ण ग्लास.
मी सुट्ट्या पैशांसाठी मागं थांबलो.
गर्दीतनं हाक आली.
मध्येच एक म्हैस हंबरली,
नाव कुणाचं होतं, ऐकू आलं नाही.

ओठांवरचा फेस पुसला
आणि म्हटलो,
आलो.